पाहुण्या वैमानिकांचा हंगाम

६ सप्टेंबर १९७१, सोमवार
कोल्हारचा माळ

सकाळच्या खेपा आटोपून उतरलो तर शेडपुढं आप्पासाहेबांची जीप उभी. आप्पासाहेब आमच्या फवारणी कंपनीचे व्यवस्थापक. पुण्याहून उठून ते या माळावर आले म्हणजे काहीतरी असतंच. आम्हा चौघा वैमानिकांना बसवलं, चहा मागवला आणि कप हातात येण्याआधीच सांगून टाकलं. कंपनीनं परदेशातल्या एका कंपनीशी भागीदारी केली आहे. त्यांची दोन मोठी विमानं याच आठवड्यात येणार. वैमानिक त्यांचे, औषधही त्यांचंच.

"आणि आम्ही?" रंगनाथरावांनी विचारलं.

"तुम्ही आहातच की. त्यांना इथली शेतं ठाऊक नाहीत. कुठं तारा, कुठं खांब, कुठं वस्ती, हे तुम्ही दाखवायचं."

यंदा पावसानं पाठ फिरवलीय. कालव्यावरचा ऊस तेवढा हिरवा, आणि नेमकी त्यावरच पाकोळीची कीड पडली. ती पानांचा रस शोषते, चिकटा सोडते, आणि सगळं शेत काजळल्यासारखं दिसायला लागतं. डोक्याच्या वर गेलेल्या उसात पंप पाठीवर घेऊन माणूस शिरू शकत नाही, म्हणून आम्ही. आमची चार लहान विमानं कमी पडतात हे मलाही कबूल आहे. मग आणखी विमानं घ्या, आपली मुलं बसवा. परवाने घेऊन किती जण घरी बसलेत.

आप्पासाहेब गेल्यावर रंगनाथराव म्हणाले, "बघ गोरख, यंदा वाट दाखवायची आणि पुढच्या साली वाटेला लागायचं."

रंगनाथराव शेवगावचे, हवाई दलातून आलेले. त्यांच्याच शब्दावर मला इथं घेतलं, आणि उसाच्या शेंड्यांना चाकं घासतील इतक्या खालून उडायला त्यांनीच शिकवलं. त्यांना कशाची भीती वाटलेली मी आजवर पाहिली नव्हती.

९ सप्टेंबर, गुरुवार

आले. विमानं आमच्या दुप्पट. त्यांतला कॉलिन नावाचा माझ्या वाट्याला आला. न्यूझीलंडचा, तांबूस, अंगभर ठिपके, चालणं शेतकऱ्यासारखं. घरी मेंढ्या आहेत म्हणाला. त्याला जीपमधून शेतं दाखवली. प्रत्येक तारेपाशी जीप थांबवायला लावून तो खाली उतरायचा, मान वर करून खांबापासून खांबापर्यंत चालत जायचा. मला वैताग आला. या तारा मी डोळे मिटून सांगेन.

दुपारी त्यांचं सामान उघडलं. पांढरे डगले, रबरी हातमोजे, तोंडावर लावायचे गाळणीचे मुखवटे. आमचा भिमाजी, जो विमानात औषध भरतो, तो बघतच राहिला.

"सायेब, ह्ये काय लग्नाला निघाल्यात व्हय?" म्हणाला.

खूप हसलो. मी तोंडाला ओला रुमाल बांधतो. आजवर त्यावरच भागलंय.

११ सप्टेंबर, शनिवार

आजपासून आमच्या विमानांतही त्यांचंच औषध. पाणी कमी, औषध जहाल. उग्र वास आहे, कुजलेल्या लसणासारखा. टाकी माझ्या पुढ्यातच असते, झाकणाचं रबर जुनं झालंय, वळण घेताना थेंब काचेवरून आत येतात. पाकोळी मात्र खरंच मेली. दुपारी शेतात जाऊन पाहिलं, पानं हलवली की टपाटप खाली पडत होती. शेतकरी खूश.

संध्याकाळी डोकं ठणकत होतं. ऊन फार आहे.

१४ सप्टेंबर, मंगळवार

लिंबाखाली चौघांची बैठक झाली. रंगनाथरावांनी सरळ मांडलं. जे शेत आपला वैमानिक फवारू शकतो ते पाहुण्याला द्यायचं नाही, असं आप्पासाहेबांनी सर्वांसमोर कबूल करावं. नाहीतर पाहुण्यांना शेतं दाखवणं बंद. बाकीचे दोघं, इंदूरचा आणि मंगळूरचा, लगेच हो म्हणाले. मीही म्हणालो. पण मनात चरचर आहे. मी सोनईच्या दरंदल्यांचा पोर, गावातला पहिला उडणारा माणूस. विमान गावावरून गेलं की बायका अजून अंगणात येऊन हात हलवतात. हे गेलं तर मी कोण? पुन्हा चुलत्यांबरोबर मोटेवर?

काल पाहुणे दोघंही नगरला जाऊन डॉक्टरकडे रक्त देऊन आले. बर्फाच्या पेटीतून ते मुंबईला तपासायला जातं म्हणे. दर पंधरवड्याला, कंपनीचा नियम. रंगनाथराव म्हणाले, "गोऱ्या कातडीचे लाड. उद्या थर्मामीटर लावून झोपतील." मीही हसलो. हसताना पोटात कळ आली. हॉटेलातली भजी बाधली असणार.

१७ सप्टेंबर, शुक्रवार

भिमाजी दुपारी पिंपाला टेकून बसला होता. "डोस्कं लई गरगरतंय सायेब, आन् तोंडाला सारखं पानी सुटतंय." त्याला लिंबाचं सरबत दिलं आणि सावलीत बसवलं. माझंही तेच होतंय, म्हणजे पाण्याचाच दोष. कालव्याचं पाणी उकळून प्यायला सांगितलं सगळ्यांना.

सकाळी उजाडायला उशीर होतोय असं वाटलं. सूर्य वर आलेला, तरी शेतावर संध्याकाळसारखा रंग. मी गॉगल पुसून पाहिला. गॉगल लावलेलाच नव्हता.

कॉलिन हल्ली माझ्याकडे टक लावून बघतो. आज जवळ येऊन अगदी तोंडाशी तोंड आणून डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, लांबच्या त्या टँकरवर काय लिहिलंय वाचता येतं का. मी म्हटलं, तुला वाचता येतं का मराठी? माझ्यात खोट काढायची आणि माझी शेतं घ्यायची, दुसरं काय.

१९ सप्टेंबर, रविवार
सोनई

सुट्टी म्हणून घरी आलो. मोटरसायकलवर दोनदा थांबावं लागलं, छाती आवळल्यासारखी झाली होती. दगदग.

जेवताना बायको, राही, माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "अहो, डोळे असे काय तुमचे? आतलं काळं पार टाचणीच्या डोक्याएवढं झालंय."

"उन्हानं."

"घरात कुठलं ऊन?"

मी विषय बदलला. तिनं माझे आठवड्याचे कपडे ओढ्यावर नेऊन धुतले. वास जाईना म्हणून हातानं चोळचोळून धुतले म्हणे. दुपारी तिला दोनदा उलटी झाली, घाम फुटला, चक्कर येऊन पडवीत आडवी झाली. आईचा, साळूबाईचा चेहरा एकदम उजळला. मला बाजूला घेऊन म्हणाली, "देवानं ऐकलं रं बाबा. आता नारळ फोडायला जाऊ." लग्नाला पाच वर्षं झाली. राही डोळे मिटून पडली होती, तिचा हात हातात घेतला तर गार आणि ओला.

परत निघताना मनात एकच होतं. आता तर नोकरी सोडून चालायचंच नाही.

२१ सप्टेंबर, मंगळवार

हात अजून थरथरतोय, रागानं. जे झालं ते नीट लिहून काढतो.

पहाटे विमानात बसलो, पट्टे बांधले. भिमाजीनं टाकी भरली होती. तेवढ्यात कॉलिन पुढं आला आणि पंख्यापुढं उभा राहिला. मी हातानं हटायला सांगितलं. तो हलेना. मग बाजूनं पंखावर चढला, आत हात घालून किल्ली काढून घेतली.

मी खाली उडी मारली. पाय लटपटले, त्याच्याच दंडाला धरून सावरावं लागलं, याचाच मला जास्त राग आला.

"तुला उडता येणार नाही," तो म्हणाला. "तुझे डोळे बघ आरशात. माझ्याबरोबर नगरला डॉक्टरकडे चल. आत्ता."

"तू कोण मला सांगणारा? हा माझा माळ आहे, हे माझं विमान आहे."

"तुझंच आहे. म्हणून तर म्हणतोय."

बाकीचे धावत आले. रंगनाथरावांनी त्याच्या हातातून किल्ली हिसकावली. "आता आपल्याच माळावर यांच्या परवानगीनं उडायचं का?" ते ओरडले. "बस्स झालं. एकही विमान उडणार नाही." आणि चारही विमानांच्या किल्ल्या गोळा करून त्यांनी स्वतःच्या खिशात टाकल्या.

म्हणजे संप सुरू झाला, आणि तो माझ्यामुळं. अभिमान वाटायला हवा. मळमळतंय नुसतं.

२२ सप्टेंबर, बुधवार

पाहुण्यांनी आज आमची शेतंही फवारली. आम्ही चौघं लिंबाखाली बसून बघत होतो. कॉलिन चांगला उडतो, हे कबूल करावं लागेल. तार आली की दोन श्वास आधीच वर उचलतो.

दुपारी शेतकऱ्यांचा घोळका आला. आप्पासाहेबांनीच पाठवला असणार. त्यात कानिफनाथ म्हणून एक बागायतदार होता, मला पूर्वीपासून ओळखतो. "गोरखभाऊ, तुमचं भांडन तुमी बघा, पन पाकोळी काय तुमचा संप मिटायची वाट बघती व्हय?"

२३ सप्टेंबर, गुरुवार

आप्पासाहेबांनी तोडगा काढला. आपल्या वैमानिकांची शेतं आपल्याकडेच राहतील, उद्यापासून तिघांनी उडावं. माझं पाहुण्याशी भांडण झालं म्हणून माझ्याबद्दल पुढच्या आठवड्यात बघू. रंगनाथरावांनी मान्य केलं.

मी त्यांना गाठलं. "मला सोडून?"

"चार दिवसांचा प्रश्न आहे, गोरख. शेतं हातची गेली तर सगळेच जाऊ. तुझी शेतं मी फवारतो, दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही."

बोलताना ते सारखे डोळे चोळत होते आणि रुमालानं तोंड पुसत होते. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. माणूस थकलाय. माझ्यासाठी त्यांनी दुप्पट काम अंगावर घेतलंय.

डोकं आज दुखलं नाही. उडलो नाही म्हणून विश्रांती मिळाली असेल.

२६ सप्टेंबर, रविवार
नगर

दोन दिवस लिहिता आलं नाही.

शुक्रवारी सकाळी रंगनाथराव माझ्या शेतांवर निघाले. मी निशाणवाल्यांबरोबर बांधावर होतो. माळावर नुसतं बसवेना म्हणून गेलो होतो. आमचे निशाणवाले म्हणजे शेताच्या दोन्ही टोकांना पांढरं फडकं लावलेला बांबू धरून उभी राहणारी माणसं. विमान त्यांच्या रोखानं येतं, डोक्यावरून जातं, मग ती पुढच्या पट्ट्यात सरकतात. त्यांच्यातली बनुबाई माझ्याजवळ होती. पदरानं तोंड झाकून ती म्हणाली, "वला वला वारा येतुया अंगावं." वारा नव्हता तो. औषध होतं. मी रोज वरून यांच्याकडे येत होतो आणि त्यांना फक्त पांढरा ठिपका समजत होतो.

कानिफनाथाच्या शेताच्या कडेनं वीज मंडळाची तार जाते. या तारेची सवय मला रंगनाथरावांनी लावली. "खांब बघ, तार दिसत नसते." शंभरदा तरी सांगितलं असेल. त्या दिवशी ते सरळ आले. वर उचललंच नाही. मला वाटलं खालून जाणार, तसं त्यांना करता येतं. पण ते खाली गेले नाहीत आणि वरही गेले नाहीत. आकाश लख्ख होतं. त्यांना ती तार दिसलीच नाही.

चाकं तारेत अडकली, शेपूट वर उचललं गेलं आणि विमान उसात शिरलं. मोठा आवाज झाला नाही. ऊस मोडल्याचा करकर आवाज, आणि मग तो वास.

मी धावलो. पानांनी तोंड कापलं, कळलं नाही. रंगनाथराव पट्ट्यात लटकले होते. टाकी फुटून औषध त्यांच्या अंगावर, छातीवर, मांडीवर वाहत होतं. शुद्धीवर होते. "गोरख, संध्याकाळ झाली का रे?" म्हणाले. सकाळचे सात वाजले होते.

मी पट्टे सोडत होतो तेवढ्यात मागून कोणीतरी मला धरून बाजूला फेकलं. कॉलिन. माळावरून जीप हाकत आला होता. डगला, हातमोजे. त्यानं रंगनाथरावांना ओढून काढलं, कालव्याच्या चारीत नेलं आणि चाकूनं त्यांचे कपडे फाडायला लागला. मी ओरडलो, "काय करतोस? पाय मोडलाय त्यांचा!" तो ऐकेना. नागडं करून चारीच्या पाण्यात बुडवून बुडवून धुतलं, साबणानं, डोक्यापासून. मग आपल्या पेटीतली विषावरच्या उताऱ्याची सुई काढून मांडीत टोचली. थोडं थांबला, पापणी उघडून डोळा बघितला, पुन्हा टोचली. आणि मग माझ्याकडे वळून, सगळा राग एकवटून म्हणाला, "तूही. कपडे काढ. पाण्यात उतर."

मी उतरलो. पाण्यात बसल्यावर माझ्या लक्षात आलं.

काही वाचायची गरज नव्हती, कोणी समजावायची नव्हती. रंगनाथरावांचे डोळे माझ्यासमोर होते आणि आतलं काळं टाचणीच्या डोक्याएवढं होतं. राहीचे शब्द.

डावा पाय मांडीपाशी काढावा लागला. जगतील असं डॉक्टर म्हणतात. कॉलिननं तिथंच टोचलं नसतं तर नगरपर्यंत पोचले नसते, असंही म्हणाले. औषध अंगात किती भिनलंय ते पाहायला माझंही रक्त घेतलं आणि मला बजावलं, औषधाच्या आसपास फिरकायचं नाही.

डॉक्टरांना विचारलं, कपडे धुण्यानं होतं का हे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "कोणी धुतले?"

२७ सप्टेंबर, सोमवार
सोनई

पहिल्या बसनं आलो. राही दारात भाजी निवडत होती, ठणठणीत. उलट्या त्या एकाच दिवशी झाल्या म्हणाली. कपड्यांचं सांगितलं. तिनं आपले हात उलटसुलट करून बघितले आणि परातीत ठेवून दिले.

"मग ते... आई म्हणतात तसं काही नव्हतं तर," ती म्हणाली.

"नव्हतं."

"मला वाटतच होतं." थोड्या वेळानं म्हणाली, "आईंना मी सांगते. तुम्ही नका सांगू."

माझे कामाचे सगळे कपडे परसात खड्डा करून पुरले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

२ ऑक्टोबर, शनिवार
कोल्हारचा माळ

माझ्या रक्ताचा निकाल आला. हंगाम संपेपर्यंत उडायचं नाही. इंदूरचा आणि मंगळूरचा, दोघांचंही तसंच. भिमाजीचं माझ्या हट्टावरून तपासलं, ते सगळ्यांत वाईट. तो अजून पिंपात काठी घालून ढवळत होता.

कॉलिनकडे गेलो. माफी मागायचं ठरवून गेलो होतो, जमलं नाही. विचारलं एवढंच, "तुला ठाऊक होतं तर पहिल्याच दिवशी का सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं तुमचीही तपासणी होते. एकाच कंपनीचं काम, एकच औषध. मी आप्पासाहेबांना विचारलं तेव्हा कळलं की तो नियम फक्त आमच्या करारात आहे."

"आप्पासाहेबांना विचारलं होतंस?"

"दोनदा."

४ ऑक्टोबर, सोमवार

आप्पासाहेब आले. आम्ही तिघं, भिमाजी आणि निशाणवाले असे सगळे शेडपुढं बसलो. या वेळी मी बोललो. पाहुण्यांनी जावं असं आमचं म्हणणं नाही. जो नियम त्यांना तोच आम्हाला. वैमानिकाला, औषध भरणाऱ्याला आणि निशाण धरणाऱ्यालाही. डगला, हातमोजे, रक्ताची तपासणी, आणि रक्त बिघडलं तर पगारी सुट्टी.

आप्पासाहेब जमिनीकडे बघत होते. "दरंदले, मी नोकर माणूस आहे. त्यांच्या करारात आहे म्हणून त्यांना मिळतं. तुमच्यात नाही."

"मग घाला."

"या हंगामात शक्य नाही. विमानं पाहुण्यांची उडतील. तुम्ही तसेही उडू शकत नाही."

हे खरं होतं. संपावर जायलाही आमच्याकडे काही उरलं नव्हतं. बनुबाई उठून पदर झटकत म्हणाली, "चला गं. ह्यास्नी आपलं रगत दिसायचं न्हाई." बायका निघून गेल्या. निशाणाचे बांबू शेडला टेकून ठेवले.

कॉलिन दाराशी उभा राहून ऐकत होता. किती कळलं कोण जाणे. नंतर त्यानं माझ्याकडून सगळं इंग्रजीत वदवून घेतलं. मी म्हटलं, तुम्हीही थांबा ना आमच्याबरोबर. तो म्हणाला, "आमच्या करारात संप बसत नाही. पहिल्या विमानानं घरी पाठवतील आणि उद्या दुसरे दोघं येतील, जे तुला ओळखत नाहीत."

मनात म्हटलं, शेवटी त्याचंही पोट आहे.

५ ऑक्टोबर, मंगळवार

पहाटे विमानं भरलेली, निशाणाला आप्पासाहेबांनी कुठून तरी नवी माणसं आणलेली. कॉलिन आणि त्याचा जोडीदार धावपट्टीच्या टोकाला गेले. तिथल्या खांबावर वाऱ्याची पिशवी असते, तिच्यावरून वाऱ्याचा अंदाज घेतात. पिशवी वाळत घातलेल्या बाहीसारखी सरळ खाली लोंबत होती. दोघांनी वर बघितलं. परत आले.

"वारा जास्त आहे," कॉलिन म्हणाला. "औषध वस्तीवर जाईल. आज नाही."

आप्पासाहेबांनी पिशवीकडे बघितलं. मग त्याच्याकडे. "वारा?"

"फार."

६ ऑक्टोबर, बुधवार

वारा.

७ ऑक्टोबर, गुरुवार

लिंबाचं पान हलत नाही. आप्पासाहेब स्वतः खांबाखाली जाऊन उभे राहिले, हातरुमाल हातात धरून. रुमालही हलेना. कॉलिननं खुर्ची आणून त्यांच्याजवळ ठेवली आणि म्हणाला, कधीकधी थांबावं लागतं. करारात लिहिलंय, वाऱ्याचा निर्णय वैमानिकाचा.

कानिफनाथ आणि बाकीचे बागायतदार पुन्हा आले, पण या वेळी आमच्याकडे आले नाहीत. आप्पासाहेबांकडे गेले. रंगनाथरावांचं विमान कानिफनाथाच्याच उसात पडलं होतं, त्यांनी तो वास घेतला होता. कानिफनाथ म्हणाला, "आमच्या घरची मानसं खुरपायला जात्यात त्या शेतात. आमाला बी सांगा, ह्या औषधाचं काय हाय ते."

आप्पासाहेबांनी जीप काढली आणि पुण्याला फोन लावायला राहुरीला गेले.

९ ऑक्टोबर, शनिवार

मान्य झालं. वैमानिकांना आणि औषध भरणाऱ्यांना सगळं, पाहुण्यांसारखं. निशाणवाल्यांना डगले आणि मुखवटे, पण रक्ताची तपासणी नाही. रोजंदारीची माणसं आहेत म्हणे. त्यावर मी दिवसभर वाद घातला, हरलो. शेवटी इतकंच मिळवलं की विमान येण्याआधी निशाण बांधावर रोवायचं आणि माणसांनी दूर जायचं. बनुबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "येवढं तं शेरडाला बी कळतंय."

११ ऑक्टोबर, सोमवार

आज पहाटे वारा पडला. पडला म्हणजे काय ते माळावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी हसलं नाही.

२४ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी झाली. पाहुण्यांचा हंगाम संपला, ते उद्या जाणार. भागीदारी मात्र राहणार. पुढच्या वर्षी आणखी मोठी विमानं येतील आणि आमच्यातल्या किती जणांना ठेवतील हे आप्पासाहेबांनाही सांगता येत नाही. रंगनाथरावांची भीती खोटी नव्हती. आम्ही ती चुकीच्या माणसावर काढली एवढंच.

कॉलिन निरोप घ्यायला आला. त्याच्या कंपनीला सुदानमध्ये कापसावर फवारणीसाठी वैमानिक हवे आहेत. माझं नाव त्यानं दिलंय. रक्त नीट झालं की जानेवारीत जायचं. मी त्याला आधी विचारलं, तिथं वैमानिक नाहीत का?

"आहेत."

"मग?"

"कमी पडतात," म्हणाला.

दुपारी नगरला दवाखान्यात गेलो. रंगनाथराव खिडकीशी बसले होते, कुबड्या भिंतीला टेकलेल्या. कॉलिन त्यांना भेटून गेला होता. दोघं काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्यानं दिलेला मेंढीच्या लोकरीचा गळपट्टा एवढ्या उकाड्यातही मांडीवर होता. त्यांना सुदानचं सांगितलं. मला वाटलं चिडतील, म्हणतील, आता तूही दुसऱ्याची शेतं घ्यायला निघालास. मी जवळजवळ तेच ऐकायला गेलो होतो, म्हणजे मला नाही म्हणता आलं असतं.

ते खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर टांग्यांची गर्दी होती.

"जा," ते म्हणाले. "तिथं पहिल्या दिवशी तुझ्याशी कोणी बोलणार नाही. तुझ्याकडे बघून हसतील. तू मात्र त्यांच्यापैकी एकाच्या डोळ्यांत बघ, आणि काळं लहान दिसलं तर दोनदा विचारून गप्प बसू नकोस."

मी हो म्हटलं. मग त्यांना आधार देऊन उठवलं, कुबड्या हातात दिल्या, आणि दवाखान्याच्या ओसरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत आम्ही चालत गेलो. परत फिरताना त्यांनी मला हात काढून घ्यायला सांगितलं.